अठ्ठावीस दिवसांचा महिना!

पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास ३६५ दिवस लागतात आणि त्यांचे बारा महिने होतात, हा हिशेब आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे काही वर्षे वर्गात उभे राहून शिकवलाही. पंचांगकर्त्यांत मतभेद आहेत, नाहीत असे नाही. परंतु अधिक मास दर वर्षी येत नसतो, तो साधारण तीन वर्षांतून एकदा येतो, याविषयी त्यांच्यात दुमत नाही. ते दुमत निर्माण करण्याचे श्रेय आपल्या देशातील मोबाइल कंपन्यांनी मिळवले आहे. त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. अठ्ठाविसाला तेराने गुणले की ३६४ होतात. म्हणजे त्यांच्या वर्षात महिने तेरा आणि अधिक मास दर वर्षी! आपल्याकडे अधिक मासात जावयाला अनारशांचे वाण देण्याची रीत आहे. या नव्या अधिक मासाचे वाण मात्र देशातील कोट्यवधी ग्राहक कंपन्यांच्या पदरात मुकाट्याने घालीत असतात.

ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला लोक ‘ट्राय’ या नावाने ओळखतात, जानेवारी २०२२ मध्ये एक आदेश काढला. प्रत्येक कंपनीने प्रत्येक प्रकारात निदान एक योजना पुऱ्या तीस दिवसांची आणि निदान एक योजना दर महिन्याच्या त्याच तारखेस नव्याने सुरू होणारी ठेवलीच पाहिजे, असे त्यात म्हटले होते. कंपन्यांनी आदेश अक्षरशः पाळला. ‘निदान एक’ म्हटले होते, तेव्हा तेवढ्यापुरते त्यांनी केले. बहुतेक योजना पूर्वीप्रमाणेच अठ्ठावीस, छप्पन्न आणि चौऱ्यांशी दिवसांच्या राहिल्या. चौऱ्यांशी दिवस म्हणजे तीन महिने, असे आता सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात. सवयीचा महिमा अगाध आहे!

एवढ्याशा फरकावर पहिल्या पानाची जागा कशाला खर्ची घालावयाची, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला खात्यातून आपोआप जातात आणि ते गेल्याचे त्यांना कळतही नाही. परंतु प्रश्न दोन दिवसांचा नाही. आपला दूरध्वनी क्रमांक नुसता जिवंत ठेवण्यासाठी नागरिकाने काय मोल द्यावे, आणि ते कोणी ठरवावे, असा हा प्रश्न आहे.

शिक्षकी पेशातील आमचे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर कोकणातील आपल्या गावी राहतात. त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे. मुंबईतील मुलाचा फोन आला की तो घ्यावयाचा, यापलीकडे त्यांना त्याचा उपयोग नाही. मध्यंतरी दीर्घ आजारपणात चार-पाच महिने पैसे भरावयाचे राहून गेले. क्रमांक बंद पडला आणि काही काळाने तो दुसऱ्याच कोणाला दिला गेला. कंपनीने नियमाबाहेर काही केले, असे आम्ही म्हणत नाही. सलग ९० दिवस क्रमांकाचा काहीच वापर झाला नाही आणि खात्यात वीस रुपयेही शिल्लक नसतील, तर तो बंद करण्यास नियमांची मोकळीक आहे. परंतु त्या क्रमांकाला त्यांचे बँकेतील खाते जोडलेले होते, निवृत्तिवेतन जोडलेले होते, गॅसचा सिलिंडर जोडलेला होता आणि आधार कार्डही जोडलेले होते. ज्या माणसाने सदतीस वर्षे मुलांना नावानिशी हजेरीला उभे केले, त्याला आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्यासाठी तालुक्याच्या गावी पाच खेपा घालाव्या लागल्या!

हे एका माणसाचे गाऱ्हाणे असते, तर आम्ही ते खाजगी पत्रातच ठेवले असते. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत सरकारने, बँकांनी आणि गॅस कंपन्यांनी मिळून मोबाइल क्रमांकाला जो दर्जा दिला आहे, तो पूर्वी रेशन कार्डालाही नव्हता. पैसे काढावयाचे असोत, आधारवरील पत्ता बदलावयाचा असो की रुग्णालयात नाव नोंदवावयाचे असो, चार-सहा आकडी संकेतांक क्रमांकावर आल्यावाचून दार उघडत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर दूरसंचार खात्याने, संदेशांची देवाणघेवाण करणारी अ‍ॅप चालू सिमकार्डाशी सतत जोडलेली असली पाहिजेत, असा आदेश काढला. फसवणूक रोखण्याचा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण अशा प्रत्येक आदेशाबरोबर सिमकार्डाची किल्ली नागरिकाच्या घराच्या आणखी एका कुलपाला बसते, आणि ती किल्ली भाड्याची आहे, हे विसरून चालणार नाही.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले आणि देशात मोबाइल दूरध्वनीचा आरंभ झाला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात आकार पडत असे, आणि आलेला फोन घेण्यासाठीही पैसे मोजावे लागत. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. चैनीचा दर बाजाराने ठरवावा, यात कोणी वावगे मानले नाही. पुढे २००३ साली येणारे फोन फुकट झाले, कंपन्यांत अहमहमिका लागली आणि दर झपाट्याने खाली आले. २००५-०६ च्या सुमारास तर एकदा पैसे भरून आजीव फोन घ्या, अशा योजनांची धूम होती. स्पर्धा खरी होती, म्हणून दरांचे नियमन न करता ते कंपन्यांवर सोपवण्याचे धोरण ट्रायने स्वीकारले. त्या वेळी ते बरोबरही होते.

आता तेच धोरण आहे. स्पर्धा मात्र ती राहिलेली नाही. २०१० च्या सुमारास डझनभर कंपन्या ग्राहकाच्या मागे लागलेल्या असत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने बाजारात पाऊल टाकल्यावर जे दरयुद्ध पेटले, त्यात एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स, टेलिनॉर, टाटांची सेवा अशी एकेक नावे पुसली गेली, आणि व्होडाफोन व आयडिया यांना ऑगस्ट २०१८ मध्ये एकमेकींचा हात धरावा लागला. उरल्या तीन खाजगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल. युद्ध संपल्यावर खंडणी कोण भरतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

आकडेच पाहा. फोन नुसता चालू राहावा म्हणून २०१८ च्या अखेरीस एअरटेलने २८ दिवसांना ३५ रुपयांची किमान पट्टी बसवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वांत स्वस्त प्रवेश ९९ रुपयांवर गेला. २०२३ च्या आरंभी तो १५५ वर आला, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीत २८ दिवसांचा किमान दर १९९ रुपये झाला. जिओचा तशाच प्रकारचा दर त्याच वेळी १५५ वरून १८९ वर चढला. कंपन्या म्हणतील की पस्तीस रुपयांत अल्पसे संभाषण मिळत होते, १९९ मध्ये अमर्याद संभाषण आणि वर इंटरनेट मिळते. तेव्हा ही तुलना अन्याय्य आहे. हे म्हणणे आम्ही मान्य करतो, पण आमचा मुद्दा नेमका तोच आहे. आमच्या सहकाऱ्यांना अमर्याद संभाषण नको आहे, इंटरनेट तर त्यांच्या फोनवर चालतही नाही. खानावळीत नुसता वरणभात मागणाऱ्याला श्रीखंडाचे ताट वाढून त्याचे पैसे वसूल करावयाचे, आणि वर ‘ताट किती भरगच्च आहे पाहा’ असे सांगावयाचे, असा हा न्याय आहे.

ट्रायला हे पटले होते. साधे फोन वापरणारे सुमारे १५ कोटी ग्राहक देशात आहेत, असे तिनेच नमूद केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ संभाषण व संदेश यांची स्वतंत्र योजना प्रत्येक कंपनीने ठेवलीच पाहिजे. पुढील महिन्यात काय घडले ते मोठे बोधप्रद आहे. एअरटेलची ८४ दिवसांची, सहा जीबी इंटरनेट असलेली योजना ५०९ रुपयांना होती. त्यातील इंटरनेट काढून घेण्यात आले आणि दर ठेवला ४९९! जिओने ४७९ च्या तशाच योजनेऐवजी इंटरनेटविना ४५८ ची योजना पुढे केली. चौऱ्यांशी दिवसांच्या इंटरनेटची किंमत एकीकडे दहा रुपये आणि दुसरीकडे एकवीस! ट्रायने या दरांची तपासणी करू, असे म्हटल्याबरोबर ते अनुक्रमे ४६९ आणि ४४८ वर उतरले. नियामकाने नुसते डोळे वटारताच दर खाली येतात, याचा अर्थ ते खाली येण्यासारखे होते, असा होतो. मग डोळे वटारून थांबावयाचे कशासाठी?

याहूनही गंभीर गोष्ट मुदतीची आहे. नियमाने अशा योजनांची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. पण संभाषणाची योजना महिन्याचीही असली पाहिजे, असे बंधन घातले नाही. म्हणून त्या जानेवारीत या योजना आल्या त्या बहुतेक ८४ दिवसांच्या किंवा वर्षाच्या. ४४८ रुपये एकरकमी देणाऱ्याला तीस दिवसांचे १६० रुपये पडतात. नाक्यावर रोजच्या कामासाठी उभ्या राहणाऱ्या मजुराजवळ, घरकाम करणाऱ्या बाईजवळ एका वेळी साडेचारशे रुपये निघत नाहीत. ती अठ्ठावीस दिवसांची योजना घेणार. १९९ च्या हिशेबाने तिला त्याच तीस दिवसांचे २१३ रुपये पडणार. वाण्याकडून चहाची पुडी रोज विकत घेणाऱ्याला चहा सर्वांत महाग पडतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. गरिबाला गरीब असल्याबद्दल दंड करण्याची ही पद्धत आता पुडीतून फोनमध्ये आली आहे, इतकेच. आणि या २१३ रुपयांत १८ टक्के वस्तू व सेवा कर सरकारचा, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे दंडाची पावती फाडताना सरकारचाही हात त्यात आहे.

यावर एक तोड निघाली, ती फोनच स्वस्तात देण्याची. जुलै २०२३ मध्ये जिओने ९९९ रुपयांचा ‘भारत’ फोन काढला आणि त्यावर २८ दिवसांना १२३ रुपयांची योजना दिली. गरिबाच्या दृष्टीने ही सोय खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. मात्र तो फोन त्याच कंपनीच्या सिमकार्डावर चालतो, आणि ती योजना त्याच फोनवर. शेजाऱ्याच्या हातात दुसरा फोन असेल, तर त्याच मनोऱ्यावरून येणाऱ्या त्याच आवाजासाठी त्याने दीडपट मोजावयाचे. दर सेवेचा आहे की ग्राहकाला दावणीला बांधून घेण्याचा, असा प्रश्न येथे उभा राहतो. १२३ रुपयांत सेवा देणे परवडते, हे तर कंपनीने स्वतःच दाखवून दिले आहे!

पैसे भरले म्हणजे फोन लागेलच, असेही नाही. लहरींचा स्वभाव साधा आहे. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतून आत शिरतात. त्याहून उंच कंपनसंख्येच्या लहरी माहिती पुष्कळ वाहतात, पण त्यांची धाव थोडी असते. म्हणून त्यांच्यासाठी मनोरे जवळजवळ उभारावे लागतात. दाट वस्तीच्या शहरात ते परवडते. सह्याद्रीच्या घळीत, मेळघाटात, धडगावच्या डोंगरात किंवा भामरागडच्या जंगलात परवडत नाही. दर मात्र तेथेही तोच. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरू लागल्या, तेव्हा रेंज मिळावी म्हणून डोंगर चढणारी कोकणातील मुले आपण पाहिली. ‘सेवा पसंत नसेल तर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदला’ ही सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. परंतु ज्या गावात एकाच कंपनीची रेंज पोहोचते, तेथे बदलून जावयाचे कोठे? आणि शहरातही कंपन्यांनी तिच्यात खोडा घालून पाहिलाच. स्वस्त योजनांत संदेश पाठविण्याची सोयच ठेवली नाही, त्यामुळे कंपनी बदलण्याची विनंती संदेशाने करता येईना. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायला आदेश काढून ही वाट मोकळी करावी लागली.

सेवेच्या दर्जाविषयी ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नवे नियम केले. आपली सेवा कोठे पोहोचते याचे नकाशे कंपन्यांनी प्रसिद्ध करावेत, आणि एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक बंद पडली तर ग्राहकाला वर्गणीत सूट किंवा मुदतवाढ द्यावी, असे त्यांत आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु हे नकाशे कंपन्यांनीच काढलेले आहेत. विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावयाची आणि गुणही आपणच मांडावयाचे, असा प्रकार आम्ही शिक्षक असताना चालू दिला नसता. तुटलेल्या प्रत्येक फोनमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला फार तर तीन रुपये द्यावेत, हा ट्रायचा नियम मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नव्हता, हे आम्हांस स्मरते. पण त्यापासून घ्यावयाचा धडा नियम अधिक पक्का करण्याचा आहे, तो सोडून देण्याचा नव्हे.

कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती मांडणे आमचे कर्तव्य आहे. लहरींच्या लिलावात त्यांनी प्रचंड रकमा ओतल्या; केवळ २०२२ च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटींची बोली झाली. २४ ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुधारित एकूण महसुलावरील जुन्या थकबाकीचा डोंगर त्यांच्या माथी आला. जगाच्या मानाने आपल्याकडे इंटरनेट आजही स्वस्त आहे. हे सारे खरे. मात्र एक आठवण द्यावीशी वाटते. दरयुद्धाने घायाळ झाल्यावर याच कंपन्यांनी दरांना तळ घालून द्या, अमुक दराखाली कोणी जाऊ नये असा नियम करा, अशी मागणी केली होती, आणि ट्रायने डिसेंबर २०१९ मध्ये त्यावर विचारविनिमयाचे टिपण प्रसिद्धही केले होते. दर फार खाली गेले की नियमन हवे आणि वर जाऊ लागले की बाजाराचे स्वातंत्र्य हवे, हे तत्त्वज्ञान सोयीचे आहे. तर्काला धरून नाही.

आणि सरकार? या खेळात सरकारची जागा कोणती, हे सांगणे अवघड झाले आहे. लहरी विकते ते सरकार, परवाना शुल्क घेते ते सरकार, बीएसएनएलचे मालक सरकार, आणि थकबाकीचे भागभांडवलात रूपांतर झाल्याने एप्रिल २०२५ मध्ये व्होडाफोन आयडियातील ४८.९९ टक्के हिस्साही सरकारच्या हाती आला. ज्याचा दरवाढीत इतका वाटा, त्याने ग्राहकाची वकिली करावी ही अपेक्षा भाबडी ठरते. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर त्या एका महिन्यात सुमारे २९ लाख ग्राहकांची भर बीएसएनएलमध्ये पडली. लोकांनी आपला कौल पायांनी दिला होता. पण रेंज अपुरी पडली आणि काही महिन्यांतच हा ओघ आटला. सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना २०२२ मध्ये मंजूर झाली. बीएसएनएलच्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या सेवेचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. खाजगी कंपन्या पाचव्या पिढीत जाऊन तीन वर्षे लोटली, तेव्हा सरकारी कंपनी चौथीच्या वर्गात दाखल झाली!

मग करावयाचे काय? सर्वच दर सरकारने ठरवावेत, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला दिवसाला दोन जीबी हवे आहे आणि चित्रपट पाहावयाचे आहेत, त्याचा व्यवहार बाजारावर सोडावा. परंतु त्या इमारतीचा तळमजला सार्वजनिक असला पाहिजे. पोस्टकार्ड पोहोचविण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होता, तरी सरकारने ते वर्षानुवर्षे स्वस्त ठेवले. कारण कोकणातील आईचे पत्र गिरणगावातील मुलाला पोहोचणे ही राष्ट्राची गरज मानली गेली होती. आज पोस्टकार्डाची जागा त्या क्रमांकाने घेतली आहे. क्रमांक जिवंत राहणे, येणारे फोन आणि संकेतांक मिळणे, आणि थोडे बोलता येणे, एवढ्यासाठी एक मूलभूत वर्गणी असावी. तिची मुदत पंचांगातील महिन्याची असावी, ती कोणत्याही फोनवर चालावी आणि तिची कमाल मर्यादा ट्रायने ठरवावी. दर ठरवून देण्याचा अधिकार १९९७ च्या कायद्याने तिला दिलेला आहे. तो वापरावयाचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. यासाठी पैसा कोठून, असे कोणी विचारील, तर कंपन्यांच्या सुधारित एकूण महसुलाच्या पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीत, आजच्या ‘डिजिटल भारत निधी’त, दर वर्षी जमा होतेच. सार्वत्रिक सेवा म्हणजे मनोरा उभारणे तर खरेच. पण मनोऱ्याखाली राहणाऱ्या माणसाला फोन परवडणे, हाही त्याच शब्दांचा अर्थ आहे. याखेरीज कंपन्यांच्या नकाशांची तपासणी त्रयस्थाने करावी, आणि आजारी किंवा वृद्ध माणसाचा बँक व आधार यांना जोडलेला क्रमांक पुरेशी सूचना व पुरेसा अवधी दिल्यावाचून दुसऱ्याच्या स्वाधीन होऊ नये.

आमच्या वाचकवर्गाला या मागण्यांतून फारसे मिळावयाचे नाही, हे आम्ही जाणतो. शे-दीडशे रुपयांची त्यांना क्षिती नाही, आणि म्हणूनच कंपन्यांना त्यांची धास्ती नाही. परंतु ज्यांना पत्र लिहिता येते, नियामकाच्या टिपणावर मत नोंदवता येते, खासदाराला जाब विचारता येतो, तो वर्ग हाच आहे. घरी कामाला येणाऱ्या बाईला तिचा फोन किती दिवस बंद होता, हे एकदा विचारून पाहावे. गावी राहणाऱ्या वडिलांच्या फोनची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे एकदा पाहावे. आपापल्या घरच्या या दोन तारखा कळल्या, म्हणजे अठ्ठावीस दिवसांचा महिना कोणाच्या खिशातून उभा राहिला आहे, हे सांगावयास अग्रलेखाची गरज पडणार नाही.